तुम्ही मला मागं खेळवलंत

आबा,

काल संध्याकाळी जळोचीच्या मैदानावर उभा होतो. आम्ही आता इकडंच राहायला आलोय. तुमच्या वेळी इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसता ऊस होता, आता घरं झालीत. इथल्या मुलांच्या फुटबॉल टीमला नवा कोच आलाय, आणि कडेला चार बाप हाताची घडी घालून त्याच्याकडं बघत होते. एक म्हणाला, "माणूस बरा दिसतोय." दुसरा म्हणाला, "पहिल्या महिन्यात सगळेच बरे दिसतात." तिसरा नुसता "बघू" म्हणाला. मी त्यांच्यात मिसळलो नाही, पण ते बोलणं कानात घेऊन घरी आलो. आज रविवार आहे, सकाळीच वही पुढं ओढलीय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, असं काही मी तुम्हाला कधी लिहिलेलं नाही. तोंडानंही फार बोललो नाही.

आपल्या साखर कारखान्याच्या कॉलनीत फुटबॉल कुठून आला, हे शेजारच्या लासुर्ण्याच्या लोकांना कधी कळलं नाही. आजूबाजूला सगळीकडं कबड्डी आणि कुस्ती, आणि मध्येच आपली ही चिमणीच्या सावलीतली अकरा माणसं. कुणीतरी बाहेरून आलेल्या इंजिनिअरांनी फार पूर्वी टीम काढली होती म्हणतात. मी खेळायला लागलो तोवर ती टीम हरण्यासाठीच प्रसिद्ध होती. बारामतीच्या स्पर्धेत सहा टीम असायच्या आणि आपण सलग चार वर्षं सहावे. तरी तुम्ही दर सामन्याला हजर. मिलवरची फिटरची पाळी संपवून, हाताचं ग्रीस नीट न निघालेलं, काखेत छत्री धरून यायचा आणि मैदानाच्या कडेला टाकून दिलेल्या त्या जाड लोखंडी पाइपावर बसायचा. तुमच्या शेजारी कारखान्याच्या गेटवरचे टाइमकीपर, त्यांच्या पलीकडं कँटीनचे मामा, आणि पार टोकाला बॉयलरवरचे तात्या, ज्यांना एका कानानं ऐकू येत नसे. चौघांची जागा ठरलेली. लोक तुम्हाला हसायचे. "हरणार माहीत हाय, तरी बसत्यात," असं म्हणायचे. मला लाज वाटायची, कारण टीमचा सेंटर फॉरवर्ड मी होतो. चोवीस वर्षांचा, स्टोअरमध्ये कामाला, केस मानेवर वाढवलेले. वर्षाला एखादा सुरेख गोल मारायचो आणि त्यावर पुढचं वर्ष काढायचो.

त्या वर्षी पाऊस उघडता उघडता ऑफिसनं सांगून टाकलं, की स्पर्धेत यंदाही तळाला राहिलात तर पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणार नाहीत, आणि बोलावणं नसेल तर टीम बंद. शेवटचा उपाय म्हणून कोल्हापूरचा एक माणूस कोच म्हणून आणला. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पँटला कडक इस्त्री. एसटीतून उतरले तेव्हा हातात एक पत्र्याची ट्रंक आणि जाळीत बांधलेले तीन बॉल. कँटीनमध्ये त्या दिवशी चहा संपला तरी चर्चा संपली नाही. मामा म्हणाले, "कोल्हापूरची माणसं फुटबॉलवर वाढलेली असत्यात. हा काय तरी करंल." टाइमकीपर म्हणाले, "याच्या आधीचा पुण्याचा होता. काय केलं त्यानं? ऊस खाल्ला आन् गेला." तात्यांना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ह्याच्याहून वाईट आन् काय हुणार?" मग सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही बशी खाली ठेवली आणि म्हणालात, "माणूस चांगला निघावा असं वाटतंय. पर वाटतंय म्हणून लगीच नाचू नगा. एक सामना बघू, मग दुसरा बघू."

पहिला आठवडा सरांनी बॉल जाळीतून बाहेरच काढला नाही. आम्हाला एका रांगेत उभं करून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, खडे आणि बाभळीचे काटे वेचायला लावले. रोज. पाइपावरून टाइमकीपर ओरडले, "अवो, कोच आणलाय का मुकादम?" सर हसले, पण काटे वेचत राहिले. आमच्याबरोबर तेही वाकत होते. दुसऱ्या आठवड्यात ते येऊन तुमच्या पाइपावर बसले. म्हणाले, "तुम्ही चौघं इतकी वर्षं बघताय. मला काय तरी सांगा की वो." मामांनी ऑफिसला दोष दिला, टाइमकीपरांनी नशिबाला, तात्यांनी रेफरीला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. संध्याकाळी मात्र मी पाहिलं, सर तुमच्याबरोबर क्वार्टरच्या वाटेनं चालत होते. छत्री पाठीमागं दोन्ही हातात धरून तुम्ही बोलत होतात आणि ते ऐकत होते. आजोबांनी आयुष्यभर मेंढरं राखली, त्यांच्या पाठीमागं तुम्हीही दहा-बारा वर्षं हिंडलात. कुठलं मेंढरू मागं राहतंय, कुठलं उगाच पुढं पळतंय, हे बघायची नजर तुम्हाला तिथूनच आली असणार. मला वाटलं, आबा माझ्याबद्दल दोन चांगले शब्द सांगतायत.

दोन दिवसांनी सरांनी टीम लावली. मला फॉरवर्डवरून काढलं आणि बॅकला घातलं. माझ्या जागी पॅकिंगमधला एक किडकिडीत पोरगा, ज्यानं आजवर एक गोल मारला नव्हता. आणि कॅप्टनची पट्टी गोलकीपरला. मी मैदानातून तसाच घरी आलो. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर, ताटात वांग्याचं कालवण. मी उभ्यानंच म्हणालो, "आबा, सर तुमचं ऐकतात. माझ्यासाठी त्यांच्याशी बोला."

"बोललोय," तुम्ही म्हणालात.

"मग? काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? मीच म्हणालो. ह्याला म्हागं घ्या म्हणून."

आईचा हात परातीतच थांबला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुम्ही घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "तू बॉल मिळाला की आधी पाइपाकडं बघतूस, आन् मग पळतूस. शेजारी मोकळा माणूस हाय का, हे बघत न्हाईस. पाय चांगलं हाईत तुझं, उंची हाय, डोकं हाय. पर पुढं लोक टाळ्या देत्यात, तितं तुझं डोकं चालत न्हाय. म्हागं टाळ्या न्हाईत. तितं चालंल."

"पोटच्या पोराबद्दल परक्याला असं सांगायचं?" आई म्हणाली.

"त्यानं इचारलं, टीम कशानं हरती. खोटं सांगू व्हय? टीम काय माझ्या एकट्याच्या घरची न्हाय."

मी न जेवता उठलो. तुम्ही हाक मारली नाहीत. सतरा दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, आणि सरावालाही गेलो नाही. स्टोअरमध्ये बेअरिंगा मोजत बसायचो आणि मनात तुम्हाला उत्तरं द्यायचो. सर एकदा स्टोअरच्या खिडकीशी आले. मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. ते म्हणाले, "रागावलास ते बरोबर हाय. पण तुझ्या बापासारखा बाप मला असता, तर मी अजून पाच वर्षं खेळलो असतो." एवढं बोलून गेले. मला ते तेव्हा कळलं नाही, उलट राग वाढला.

अठराव्या दिवशी सकाळी उठलो तर खाटेच्या पायथ्याशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं. नडगीला बांधायच्या दोन पट्ट्या. वर्कशॉपमध्ये टाकून दिलेल्या कन्व्हेअरच्या रबरी पट्ट्यातून कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आतून जुन्या सतरंजीचा तुकडा शिवलेला आणि बांधायला नाडी. बॅकला खेळणाऱ्याच्या नडग्या फुटतात, फॉरवर्डच्या नाही. तुम्ही कामावर निघून गेला होता. आई म्हणाली, "चार दिवस डबा खायाच्या सुट्टीत घासत बसल्यात. कुणाला सांगू नगं म्हणालं." मी त्या पट्ट्या नडगीला लावून बघितल्या. माप बरोबर होतं. तुम्ही माझ्या पायाचं माप कधी घेतलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी मैदानावर गेलो. पाइपावरून तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

पहिला सामना आपण एका गोलानं हरलो. परतीच्या टेम्पोत मामा म्हणाले, "एकच खाल्ला! गेल्या साली ह्यांनीच पाच घातले होते." तुम्ही म्हणालात, "हरलो ते हरलोच." पण आवाज वेगळा होता. दुसरा बरोबरीत सुटला, तिसरा हरलो, आणि चौथा इंदापूरच्या टीमविरुद्ध चक्क जिंकलो. गोल त्या पॅकिंगमधल्या पोरानं मारला. टाइमकीपर रडले. कॉलनीत बायकासुद्धा विचारायला लागल्या, पुढचा सामना कधी आहे म्हणून. पाइपावर आता चौघांऐवजी पंधरा-वीस माणसं बसायची, आणि तुमच्या ठरलेल्या जागा गेल्या म्हणून तात्या कुरकुर करायचे. कुणी फार बोललं की तुम्ही तेच सांगायचा, नाचू नगा.

शेवटचा सामना बारामतीच्या टीमशी, त्यांच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी आपण तळातून सुटणार होतो. मला तो सामना अजून दिसतो. ऊन उतरलंय, एक-एक गोल झालाय, दहाच मिनिटं उरली आहेत. त्यांना कॉर्नर मिळतो. बॉल हवेतून येतो, आपला गोलकीपर पुढं धावतो आणि चुकतो. त्यांचा एक उंच माणूस डोक्यानं मारतो, आणि गोलच्या रेषेवर मी एकटा उभा आहे. मी अंग झोकून देतो. बॉल माझ्यावर आदळून बाहेर जातो. सहा-सात माणसांच्या गर्दीपलीकडं रेफरी उभा आहे. त्यांचे खेळाडू हात वर करून ओरडतायत, रेफरी मान हलवतो, पुन्हा कॉर्नर. आणि तेवढ्यात मला तुमचा आवाज येतो. इतक्या वर्षांत तुम्ही सामन्यात कधी उभे राहिला नव्हता. तुम्ही उभे आहात, छत्री डोक्यावर फिरवताय आणि ओरडताय, "माझा पोरगा हाय त्यो! माझा!"

बरोबरी झाली. आपण पाचवे आलो. सहापैकी पाचवे, आणि टेम्पोत अशी गाणी म्हणत होतो जशी काही स्पर्धाच जिंकली. मामांनी हट्टानं वाट वाकडी करून टेम्पो भिगवणला नेला, मासे खायला. दिवस मावळत होता, बॅकवॉटरवरून गार वारा येत होता. खानावळीच्या मालकाला तुम्ही तीनदा सांगितलंत, छातीवर हात आपटून, "हितं घेतला बॉल, हितं! छातीवर! मागं हटला न्हाय." मालक हसून मला जास्तीचा तळलेला तुकडा वाढून गेला. मी सरांकडं बघितलं. ते माझ्या समोरच बसले होते. त्यांनी काटा काढत काढत माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "खा. गप खा."

सर आणखी तीन वर्षं राहिले. एकदा आपण तिसरेही आलो. मग ते कोल्हापूरला परत गेले, पुढं टीमही हळूहळू मोडली. मी सरांच्या हाताखाली खेळलो तो सगळा काळ बॅकलाच खेळलो आणि मला तिथं आवडलं. हेसुद्धा तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, असं एक वाक्य मी तुम्हाला बोलू शकलो असतो. रोज जेवायला आपण शेजारी बसत होतो. शेवटी छातीत पाणी झालं म्हणून तुम्हाला बारामतीला ठेवलं होतं, तेव्हा रक्तदाब बघायला आलेल्या सिस्टरलाही तुम्ही धापा टाकत सांगत होता, "ह्यो माझा पोरगा. बारामतीवाल्यांचा बॉल ह्यानं छातीवर घेतला हुता." तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी खाली बघून चादर नीट करत राहिलो.

आबा, हे पत्र मी कुठं टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. वही मिटून कपाटात ठेवीन. पण एकदा लिहून ठेवतो. तो बॉल छातीला लागला नव्हता. उजव्या दंडाला लागला होता, कोपराच्या जरा वर. हात मी मुद्दाम पुढं केला होता.