दोन मॉड्यूलच्या निवडीचा सुधारित अहवाल

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण त्यात काही कसर ठेवलेली नाही.) तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींनी सांगितलेला शेक घेता, की घेतो घेतो म्हणून पेपर वाचत बसता, ते कळवावं. आम्ही दोघं ठीक आहोत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्यालाच मुद्द्यावर या म्हणता. पत्राला तसं म्हणायची सोय नाही, म्हणून पत्र.

मुद्दा तुमच्या वाद्यवृंदासाठी घेतलेल्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आहे. ती पेटी माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणाला होतात, की पेटीला खाचा दोन आहेत आणि दुकानदाराने प्रीॲम्पची मॉड्यूलं चार दिली आहेत. तीन आठवडे वाजवून बघा, आपल्यासारख्या हौशी मंडळींना सगळ्या गाण्यांत चालतील अशी दोन ठेवा, उरलेली दोन शनिवारी परत करा. मॉड्यूल म्हणजे साबणाच्या वडीएवढा डबा, समोर तीन बटणं. गिटारचा किरटा आवाज आधी त्याच्यातून जातो, तिथे त्याला स्वभाव मिळतो आणि मग तो मोठा होऊन बाहेर पडतो. (हे तुम्हाला माहीत आहे. वहिनीही पत्र वाचतात म्हणून लिहिलं.) जाता जाता तुम्ही असंही म्हणालात, की निवड नीट जमली तर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गिटारच्या खुर्चीवर मला बसवाल. दादा, मी वरून शांत दिसलो असेन, पण ती खुर्ची मला फार हवी होती. गेली एकोणीस वर्षं मी तुमच्या तालमींना येऊन इतरांच्या खुर्च्याच मांडतो आहे.

आता पद्धत सांगतो, कारण माझं जे काही चुकलं ते पद्धतशीर चुकलं. माझा धंदा चष्म्यांचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आधीचं बरं की आताचं?" असं विचारणाऱ्या माणसाला निवड कशी करायची हे कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. स्वतःच वाजवायचं आणि स्वतःच गुण द्यायचे हे मला पटेना. म्हणून वाजवायला दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि आमच्या घरात दुसरं कुणीतरी म्हणजे तुमची धाकटी बहीण. ती औषधाच्या दुकानातून आली, चहा झाला, की मी तिला बाहेरच्या खोलीत पेटीसमोर बसवायचो आणि स्वतः स्वयंपाकघरात स्टूल घेऊन दाराआड बसायचो, मांडीवर वही. कुठलं मॉड्यूल लावलं ते तिने सांगायचं नाही, नुसता नंबर एका कागदावर लिहून ठेवायचा. तिला गिटार येत नसल्यामुळे मी तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या तीन तऱ्हा, शिकवल्या. तीनच, कारण परीक्षेला तेवढ्या पुरतात. (शिवाय मलाही खात्रीने तेवढ्याच येतात.)

मागच्या पत्रातला चार पानी अहवाल याच स्टुलावर जन्मला. त्यात पहिल्या मॉड्यूलच्या आवाजाला मी निर्मळ म्हटलं होतं, दुसऱ्याला घसा बसलेल्या गवयासारखा, तिसऱ्याला खानदानी आणि चौथ्याला इतका उद्धट, की शेजाऱ्यांची माफी मागावी लागेल. मी खरोखरच मागायला गेलो. शेजाऱ्यांना आमच्याकडे पेटी आल्याचाच पत्ता नव्हता. मी मनात म्हटलं, किती संयमाने वाजवतो आहोत आपण. तिसऱ्या दिवशी तुमची बहीण बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "अहो, ही बटणं फिरवली तरी काहीच होत नाहीये." मी दाराआडूनच सांगितलं, की फरक सूक्ष्म असतो, त्याला कान तयार व्हावा लागतो. त्यावर ती "बरं" म्हणाली. तिचं बरं तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात, तेव्हा त्यात काय काय असतं ते मी सांगायला नको.

दोन आठवडे असे गेले. अहवाल टपालात पडला आणि दुसऱ्याच दिवशी तिने पेटीबरोबर आलेली पुस्तिका उघडली. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी माझ्या माहितीतली ती एकटीच बाई आहे, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. मला इतकंच ऐकू आलं, "अहो, वायर चुकीच्या जागी आहे." झालं होतं असं, की पेटीच्या पुढच्या बाजूला गिटारची वायर खुपसायची जी जागा असते, तिच्यावर एक गोल स्टिकर चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी पुस्तिका वाचा. मी तो शोभेचा समजलो आणि वायर पाठीमागे जिथे बसली तिथे बसवून मोकळा झालो. ती मागची जागा वेगळ्याच कामाची निघाली. तिथून आवाज मॉड्यूलला वळसा घालून थेट बाहेर पडतो. म्हणजे दोन आठवडे गिटारचा एक सूरसुद्धा एकाही मॉड्यूलमधून गेला नव्हता. चारही जणं आपापल्या पाळीला खाचेत बसून गंमत बघत होती, आणि मी एकाच मिणमिणत्या आवाजाला चार नावं ठेवत होतो.

दुकानात एखादं गिऱ्हाईक फारच घोळ घालायला लागलं, की मी भिंग काढल्यासारखं करून पुन्हा तेच बसवतो. गिऱ्हाईक म्हणतं, हां, आता कसं लख्ख दिसतंय. अशा गिऱ्हाइकांना मी सत्तावीस वर्षं मनातल्या मनात हसत आलो आहे. सोमवारी दुकानात एक बाई तसंच म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना स्वतःहून खुर्ची दिली आणि चहा मागवला. त्या जरा घाबरल्या.

स्टिकर काढून वायर पुढे लावली आणि तिने पहिला हात मारला, तेव्हा कपाटातल्या कपबशा हलल्या. शेजारी दारात येऊन पेटी आणलीत वाटतं, असं विचारून गेले. त्यानंतरची परीक्षा मात्र खरी झाली, आणि तिचा निकाल पुढीलप्रमाणे. पहिलं मॉड्यूल ठेवा. ते साफ आणि गरीब स्वभावाचं आहे, कुठल्याही गाण्यात निमूट बसतं. चौथं फक्त ओरडतं. दोन गाण्यांपुरतं ठीक, तिसऱ्याला लोक उठून जातील. दुसरं किंचित खरखरतं, छान वाटतं, पण तेवढंच करतं. मेख तिसऱ्यात आहे. ते लावून गिटारचंच आवाजाचं बटण कमी केलं, तर ते दुसऱ्यासारखं हळू खरखरतं, आणि पूर्ण उघडलं तर चौथ्याच्या जवळपास जातं. म्हणजे पहिलं आणि तिसरं घेतलं, की चौघांचंही काम भागतं. हा शोध तुमच्या बहिणीचा. मी तेव्हा दाराआड विशेषणं शोधत होतो.

आणखी एक. मी शिकवलेल्या कॉर्ड तीन होत्या. काल दाराआडून मोजल्या, त्या अकरा भरल्या, आणि एकीवरून दुसरीवर जाताना हात अडखळत नव्हता. मी बाहेर येऊन विचारलं, हे कुठून आलं? ती मान वर न करता म्हणाली, "दादाचं बघून." तुम्ही कॉलेजात असताना रियाझ करायचात, ती उंबऱ्यावर बसून बघायची, आणि तुम्ही बाहेर गेलात की मोठ्या फुटपट्टीवर तशीच बोटं ठेवायची. फुटपट्टीवर, कारण तिचा हात पुरू नये म्हणून गिटार तुम्ही कपाटावर ठेवायचात. तुम्हाला हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला माहीत नव्हतं, आणि आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं, दादा. मी फक्त चहा गार होतोय, एवढंच म्हणालो.

असो. शनिवारी दुसरं आणि चौथं परत करतो आणि रविवारी पेटी घेऊन तालमीला येतो. वहिनींना नमस्कार. पाठ सांभाळा, जड काही उचलू नका.

तुमचा मेहुणा

ता. क. मागचा चार पानी अहवाल तालमीत मोठ्याने वाचू नये. वाचून झाला असेल, तर तो दुसऱ्या कुठल्यातरी पेटीबद्दल होता असं सांगावं. ड्रमवाल्याला ते पटणार नाही, पण बाकीच्यांना पटेल.

ता. क. दुसरा. तिसऱ्या मॉड्यूलला मी खानदानी म्हटलं होतं, ते मात्र बरोबर निघालं. याची नोंद असावी.

ता. क. तिसरा. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. मेळाव्यात गिटारच्या खुर्चीवर मला नको, तिला बसवा. मला वाईट वाटेल, नाही असं नाही, पण आठवड्याभरात जाईल. हे मी सुचवलं असं मात्र तिला कळू देऊ नका. तुम्ही स्वतः घरी या आणि स्वतःच्या तोंडाने तिला विचारा. ती आधी नको म्हणेल. मग पुन्हा विचारा. इतकी वर्षं एकदाही विचारलं नाहीत, तेव्हा दोनदा विचारायला हरकत नसावी.