डोळा शिडावर

पुसद,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. जयास,
जयभीम आणि उकंडादादाचे अ. उ. आ.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून हसली असशील. मेसेज करत जा म्हणतेस, पण मोबाईलवरची ती मुंगीएवढी अक्षरं माझ्या जाड बोटांना जुमानत नाहीत. फोनवर तू काय बोलतेस ते तर ऐकूच येत नाही. एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं पत्रे ठोकले, त्याची ही वरची पेन्शन. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की काल रविवारी आमच्या शिडनौका मंडळाचा हंगाम सुरू झाला. यंदा तलाव काठोकाठ आहे. नऊ होड्या उतरल्या. आमची ‘गुलनार’ सगळ्यांत देखणी, असं खुद्द बबनराव म्हणाले, आणि वेळ मोजायचं घड्याळ त्यांच्याच गळ्यात असतं. सागाच्या पट्ट्या माझ्या, बुडाचं शिसं जफरनं जुन्या बॅटऱ्यांतून काढून ओतलेलं, आणि शीड त्याच्या लेकीनं, अस्मानं छत्रीच्या कापडाचं शिवलेलं. नाव त्याच्या बायकोचं. ती गेल्यावर त्यानं ते रंगवलं.

दरवर्षी विसरतेस म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या हातभर होड्यांना रिमोट नसतो. पाठव्या अलीकडच्या चौथऱ्यावरून वारा जोखून होडी सोडतो. झेल्या पलीकडे बांबू घेऊन उभा असतो, तो होडीचं तोंड फिरवून तिला परत धाडतो. एका वेळी एकच होडी, जिला कमी वेळ लागेल ती वरच्या नंबरावर. पाठव्याला नियम दोनच. डोळा शिडावर ठेवायचा, आणि होडी परत येईस्तोवर चौथरा सोडायचा नाही. सोडला की फेरी बाद. मी पाठव्या आणि जफर झेल्या, याला आता बावीस वर्षं झाली.

पण जफर यंदा आळशी झालाय. तलावाच्या पाळीवरून पलीकडे जाताना तीनदा थांबतो. हातवारे करून विचारलं तर म्हणतो, वारा पाहून राह्यलो. इतका वारा तर आमच्या मंडळातही कोणी पाहत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. लोभ आहेच, त्यातला थोडा त्या गुडघ्यांवरही ठेव.

तुझा,
उकंडादादा

*

यवतमाळ,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
जयाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. ‘गुलनार’ देखणी आहे असं बबनराव खरंच म्हणाले, की तुला तसं ऐकू आलं? तुझ्या कानांचा हा एक फायदा मला नेहमी दिसतो. गुडघे ठीक आहेत. सकाळी जिना उतरताना कुरकुरतात, दुपारपर्यंत गप्प होतात.

एक सुचवू का? यंदा तुम्ही दोघं जागा बदला. जफरभाईंना चौथऱ्यावर उभं राहू दे आणि पलीकडे तू जात जा. तो पाळीवरचा फेरा मोठा आहे. दिवाळीत ते माझ्याकडे येऊन गेले तेव्हा जरा उतरलेले वाटले. नोकरी संपली तरी नर्सची नजर जात नाही, असं समज आणि माझं ऐक. तू आयुष्यात माझं एकदा तरी ऐकावंस अशी माझी फार जुनी इच्छा आहे.

सोबत लिंबाचं लोणचं पाठवते आहे. ते एकट्यानं संपवू नकोस, अर्धं जफरभाईंकडे दे. नको, त्यांना देऊ नकोस, मीठ जास्त झालंय. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जया

*

पुसद,
१० डिसेंबर २०२४

चि. जयास, आशीर्वाद.

लोणचं उत्तम. मीठ अगदी बेताचं आहे, म्हणून जफरला निम्मं दिलं.

जागा बदलायचं जमणार नाही. झेल्याला बबनरावांची शिट्टी ऐकू यावी लागते, आणि मला तर एसटीचा हॉर्नही ऐकू येत नाही. जफरला तुझी सूचना सांगितली तर तो हसला आणि म्हणाला, ताईले म्हणा काळजी करू नका. शिवाय आम्ही दुसऱ्या नंबरवर आहोत. पहिल्या होडीत आणि आमच्यात अकरा सेकंदांचा फरक आहे. अशा वेळी कोणी जोडी मोडतं का? त्याला थोडं चालू दे, पोट कमी होईल.

असाच लोभ ठेव आणि असंच लोणचं पाठव.

तुझा,
उकंडादादा

*

पुसद,
१४ जानेवारी २०२५

चि. जयास, आशीर्वाद.

जफरच्या मातीला आलीस आणि दोन दिवस राहून गेलीस. मी तुझ्याशी बोललो नाही, अस्माशीही नाही. लोकांना वाटलं, ऐकू येत नाही म्हणून गप्प आहे. खरं म्हणजे तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं बाहेर आलं असतं. ते आता लिहितो.

पाच तारखेच्या त्या रविवारी वारा सुरेख होता. ‘गुलनार’ सोडली आणि डोळा शिडावर ठेवला. ती इतकी सरळ गेली की मला वाटलं, आज ते अकरा सेकंद भरून निघाले. पलीकडे पोचली आणि काठाला टेकून तशीच राहिली. कोणी बांबू लावला नाही. तेव्हा मी मान वर केली. जफर पळसाच्या बुंध्याला टेकून बसला होता, बांबू मांडीवर आडवा.

तुला ठाऊक आहे तो कसा होता. मागच्या हंगामात मला चिडवायला असंच झोपेचं सोंग घेऊन बसला होता, आणि होडी अगदी जवळ आल्यावर उडी मारून उठला होता. मला वाटलं, पुन्हा तेच. मी कमरेवर हात ठेवून त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या असाव्यात, मला माझा आवाज कळत नाही. बबनरावांनी हातानं विचारलं, काय झालं. मी हातानंच सांगितलं, काही नाही, नाटकं करून राह्यला. आमच्यात पाठव्या ठीक आहे म्हणाला की दुसरं कोणी पलीकडे जात नाही. बाकीचे टपरीवर चहा पीत होते. आणि मी चौथरा सोडला नाही. फेरी बाद होईल म्हणून सोडला नाही, जया.

शेवटी बबनरावच पाळीवरून धावत सुटले, तेव्हा मी निघालो. आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता. होडी पलीकडे टेकली की बबनराव वेळ टिपतात, त्यामुळे अंदाजाला जागा नाही. होडी टेकल्यापासून आम्ही पळालो तोवर सात मिनिटं गेली होती. सात मिनिटं मी माझ्या दोस्ताला शिव्या देत उभा होतो.

अस्माला हे सांगितलेलं नाही. बबनरावांनाही बोलू दिलं नाही. मंडळातून नाव कमी करायला सांगितलंय. होडी पालथी करून खुंटीला टांगलीय.

दादा

*

यवतमाळ,
२२ जानेवारी २०२५

ती. दादास, जयाचा जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. लहानपणी तू माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायचास. आज मलाही एक सांगायचं आहे आणि ते तुला अंगावर घेता येणार नाही.

दिवाळीत जफरभाई फराळाला आले नव्हते. हृदयाचे रिपोर्ट घेऊन आले होते. मीच त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन नसा बंद होत्या. डॉक्टरांनी लगेच नागपूरला ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. जफरभाई म्हणाले, हंगाम संपला की मार्चमध्ये जातो. मी रागावले तर माझ्यासमोर हात जोडून म्हणाले की ताई, उकंड्याले सांगू नका, तो मले घरी बसवीन अन् स्वतःही घरी बसंन. अस्मालाही सांगू दिलं नाही. मी वचन दिलं. तीस वर्षं वॉर्डात काढली, पेशंटची गोष्ट पोटात ठेवायची सवय होती, तशीच हीसुद्धा ठेवली. तुला जागा बदल म्हणून लिहिलं आणि माझं काम झालं असं समजले. तू नाही म्हणालास, तेव्हा दुसरं पत्र लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही.

सात मिनिटांनी फरक पडला असता का, मला माहीत नाही. पडला नसता असं लिहून तुझं समाधान करता आलं असतं, पण तुला माझं खोटं लगेच कळतं. तुझी सात मिनिटं आहेत, दादा. माझे दोन महिने आहेत.

अस्माला सांग. तुझंही आणि माझंही. तिला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये. माझ्यावर राग येईल, तो येऊ दे, पण पत्र थांबवू नकोस.

जया

*

यवतमाळ,
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास, जयभीम.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. अस्माच्या फोनवरून कळतं की तू जेवतोस, फिरतोस, फक्त तलावाच्या बाजूचा रस्ता टाळून लांबून जातोस. तुझ्या तब्येतीची बातमी मला तिच्याकडून घ्यावी लागते, आणि ती दर वेळी विचारते की काका तलावावर का जात नाहीत. मी काय सांगू?

रागावायचं तर कागदावर रागाव. शिव्या लिही, मी वाचीन. आई गेल्यानंतर मला अगंतुगं करणारा तू एकटाच उरला आहेस. तुझा लोभ मी गृहीत धरून चालले होते, आता मागते आहे.

जया

*

पुसद,
१० मार्च २०२५

चि. जयास,
जयभीम, आणि राहिलेल्या दीड महिन्याचे सगळे आशीर्वाद एकदम.

रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. तुझं पत्र वाचलं आणि आधी बरंच वाटलं. राग ठेवायला दुसरी जागा मिळाली. मग रोज थोडा थोडा राग तुझ्या नावावर टाकत गेलो. पण तो परत माझ्याकडेच यायचा. तुझ्या तिसऱ्या पत्रानंतर उठलो आणि अस्माकडे गेलो.

तिला सगळं सांगितलं. नियम, शिव्या, सात मिनिटं, तुझं वचनसुद्धा. ती मशीनवर बसली होती. हातातलं कापड घडी करत राहिली, उलगडून पुन्हा घडी करत राहिली. मी निघायला उठलो तेव्हा तिनं माझ्या कानाशी तोंड आणून एकच विचारलं, “काका, अब्बाले तिथून काय दिसत होतं?” मला सांगता येईना. बावीस वर्षांत मी पलीकडच्या काठावर एकदाही उभा राहिलो नव्हतो. ती म्हणाली की मग हंगामाची शेवटची फेरी करू. होडी मी सोडते, तुम्ही तिकडे जाऊन पाहून या.

ती फेरी काल झाली. बबनरावांनी नाव कमी केलेलंच नव्हतं. माझ्यासाठी शिट्टीऐवजी ते गमछा हलवणार होते. मी बांबू घेऊन पाळीवरून निघालो. पाळीवर तीन ठिकाणी सपाट दगड मांडलेले दिसले, बसायच्या उंचीचे, वर एक दगड आणि खाली दोन चिपा. एकावर त्याच्या विडीचं थोटूक अजून होतं. तो वारा पाहत नव्हता, जया. मी तिन्हींवर बसलो. तिसऱ्यावरून उठायला वेळ लागला.

पळसाखाली जाऊन टेकून बसलो, तो बसला होता तसा. मला वाटत होतं एवढ्या लांबून माणूस ठिपक्याएवढा दिसत असेल. तसं नाही. चौथरा उंच आहे, माणूस पुरा दिसतो. त्यानं हात कमरेवर ठेवलेत की खाली सोडलेत, हेही कळतं. म्हणजे त्याला शेवटी मी दिसलो, रागावलेला.

बबनरावांनी गमछा हलवला, अस्मानं होडी सोडली. पळसाचं नवं केशरी फूल पाण्यात पडलेलं होतं, त्याच्या बाजूनं होडी येत होती म्हणे. मी पाहिली नाही. मी अस्माकडे पाहत होतो. तिला काही झालं तर, ती मध्येच बसली तर, एवढंच डोक्यात होतं. नजर हलवली नाही. होडी येऊन काठाला लागली, टेकून राहिली, ते मला कळलंच नाही. सगळे ओरडत असतील, मला काय ऐकू येणार. मग अस्मानं चौथरा सोडला आणि पाळीवरून माझ्याकडे पळत आली. आमची फेरी बाद झाली.

तिला सांगितलं, त्याला काय दिसत होतं ते. काही गाळलं नाही. ती माझ्या कानाशी म्हणाली, “मंग अब्बाले वाटलं असंन, रोजच्यावानीच चालू आहे.” आणि रडली. मीही रडलो, त्याच्या मातीला राहिलं होतं ते.

आता पाणी उतरेल, दिवाळीनंतर पुन्हा भरलेलं असेल. तेव्हा महिनाभर माझ्याकडे राहायला ये. चौथऱ्यावर तू उभी राहा, गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवतो. पलीकडे मी जाईन, ते तीन दगड तसेच ठेवलेत. नंबर येणार नाही, कारण शिडाकडे कोणी पाहणार नाही. तू माझ्याकडे पाहा, मी तुझ्याकडे पाहीन.

लोभ होता तसाच आहे, मधले दीड महिने तो फक्त कळवायचा राहिला.

तुझा,
उकंडादादा