कलम सातवं

प्रिय इस्क्रा,

तुझा राग पोचला. "आठ आठवडे झाले, एक कॉम्प्युटर दुरुस्त होत नाही तुमच्याच्यानं? आईचा चेहरा बघायचाय मला," असं लिहिलंस, आणि वर "नेवेना, तू अशी नव्हतीस." चिडले, मग रडले, मग वाचनालयाला कुलूप घालून घरी आले. कॉम्प्युटर बिघडलेला नाही गं. वाचनालयातले दोन्ही ठणठणीत आहेत.

झालं असं, की मार्चअखेर नगरपालिकेचं फर्मान आलं: इंटरनेट वापराचे नियम करून पाठवा, नाहीतर जोडणी तोडू. आमची समिती म्हणजे मी, दातांचे डॉक्टर आणि अध्यक्ष क्रुम. तेच, शाळेत आपल्याला कवायत शिकवायचे. अजून तसेच खेकसतात. पहिली सहा कलमं झाली पटापट. अर्ध्या तासाहून जास्त बसू नये, हेडफोन लावावा, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसू नये (कीबोर्ड उलटा केला तर वाटीभर सालं पडतात). मग क्रुम म्हणाले, "गावात बोलतात, नेवेना सगळ्यांच्या पडद्यात डोकावते. त्या स्तोयनाच्या तर मांडीला मांडी लावून बसतेस." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी डोकावते? थांबा, आत्ता लिहिते!" सातवं कलम मी माझ्या हातानं लिहिलं: कर्मचाऱ्याने वाचकाशेजारी बसू नये, त्याचा पडदा पाहू नये. खाली सही ठोकली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला बघ, तोही मान ताठ करून.

आईशी कॉम्प्युटरवर बोललीस तो शेवटचा गुरुवार आठवतोय ना? अकराच्या ठोक्याला स्तोयनामावशी आली आणि म्हणाली, "चल, बस." क्रुम खिडकीशी पेपर धरून बसले होते, नजर माझ्यावर. "मावशी, आजपासून नियम आहे," म्हणून मी टेबलाशीच राहिले. तू तिला "ओळख पाहू, काय वेगळं दिसतंय?" असं विचारलंस, हे तिनं मागाहून सांगितलं. मला फक्त तिचं ऐकू आलं: "नवा स्वेटर! शोभतो हो तुला." मी चोरून पाहिलं. तू केस कापले होतेस, अंगात बिनबाह्यांचा झगा होता, आणि तू पोट धरून हसत होतीस. तुला वाटलं आई थट्टा करतेय. तिनं मान माझ्या दिशेला वळवली आणि वाट पाहिली. मी दहा पावलांवर होते गं, आणि उठले नाही. बाहेर पडताना दारात म्हणाली, "कॉम्प्युटर बिघडला म्हणून कळव तिला."

एक मार्चला मीच तिच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला होता. करकोचा दिसला की सोडायचा, हे तुला काय सांगायचं! आमच्या धुराड्यावर एप्रिलपासून करकोच्यांचा संसार थाटलाय, पिल्लंसुद्धा चोची वाजवायला लागली. जून सरत आला, तिचा दोरा मळून काळा झाला. परवा म्हटलं, "मावशी, काढ की आता." तर म्हणाली, "आवाज ऐकलाय गं. दिसल्याशिवाय कसा सोडू?"

आता सांगूनच टाकते. तुझ्या आईला हिवाळ्यापासून दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी सावल्या. दर गुरुवारी मी शेजारी बसून तिच्या कानात पुटपुटायचे, "डोळ्यांखाली काळं आलंय," की ती मोठ्यानं म्हणायची, "झोपत नाहीस वाटतं!" आणि तू म्हणायचीस, "आईला सगळं दिसतं." त्यावर किती खूश व्हायची ती! नियम आल्यावर मी माझा मोबाईल घेऊन तिच्या घरी गेले, तर दार उघडेना. आतूनच म्हणाली, "इस्क्रा परत ओळख पाहू म्हणाली तर? तुझा काय भरवसा!" कलम काढा म्हणून क्रुमच्या हातापाया पडले. "तूच लिहिलंस ना? आता शिक्का बसलाय."

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत दाब वाढलाय. शरदाच्या आत ऑपरेशन केलं तर आहे तेवढा उजेड वाचेल, नंतर तोही जाईल. ती ऐकत नाही. "इस्पितळात गेले की इस्क्राला कळणार, काम टाकून धावत येणार. आत्ता कुठे जम बसलाय पोरीचा." मला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. ती मी आज मोडली. माझं काही चालत नाही इथं, इस्क्रा, म्हणून हे पत्र. तू ये. मी सांगितलं म्हणू नकोस. फाटकातून सरळ आत ये, ती अक्रोडाखालच्या बाकावर असेल. समोर जाऊन उभी राहा आणि तोंडातून शब्द काढू नकोस. ती तुझ्याकडे बघेल आणि विचारेल, "कोण आहे?"

तुझीच अपराधी,
नेवेना