मुराळी नसलेले तिकीट

सोलापूर

चि. सिद्धप्पा यास अक्काचे आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या बायकोचे पित्त आणि व्यायला आलेली म्हैस या तिघांच्या प्रकृतीची चौकशी याच वाक्यात पूर्ण झाली असे समजावे. पुढे जागा लागणार आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. (उत्तम नसती तरी मी तसेच लिहिले असते, हे तुला ठाऊक आहे.)

घडलेली हकिकत आता क्रमाने मांडते. ती क्रमानेच वाचावी. पत्राचा शेवट आधी वाचण्याची तुझी खोड शाळेपासूनची आहे.

पहिली गोष्ट. वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, मी माहेरी दुधनीला येते ती कुणी न्यायला आल्यावरच. लग्नानंतर आप्पा मुराळी म्हणून मला न्यायला यायचे. ते थकल्यावर तू येऊ लागलास. नेणाऱ्याने तिकीट काढायचे आणि सासुरवाशिणीने त्याकडे पाहायचेही नाही, हा आपल्या घरचा रिवाज. (या वयात स्वतःला सासुरवाशीण म्हणताना मलाही हसू येते, सासर म्हणावे असे या घरात आता भिंतींशिवाय कुणी नाही.) कॉलेजात तर्कशास्त्राची विभागप्रमुख असताना सहकाऱ्यांच्या रजेच्या अर्जातले हेत्वाभास मी काढून दाखवत असे, पण दुधनीचे तिकीट कसे दिसते, हे मी आयुष्यात पाहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट. अव्वा गेल्यानंतरची, म्हणजे आईविना आपली, ही पहिली वेळ अमावस्या होती. यावर अधिक लिहीत नाही.

तिसरी गोष्ट. तू फोनवर म्हणालास, "अक्का, गुडघा लई दुखतोय बघ. आता कुटं मुराळी न् काय, तिकीट फोनवर निघतंय की. पाठवतो, तू रेल्वेत बस न् ये." हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. त्याच गुडघ्याने तू आदल्या आठवड्यात माळशिरसच्या लग्नाला जाऊन आलास, असे तुझी लेक रेश्मा बोलता बोलता सांगून गेली. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. दोन विधाने फक्त शेजारी शेजारी ठेवली आहेत.

चौथी गोष्ट, जिच्यामुळे हे सारे रामायण घडले. माझा फोन बटणांचा असल्यामुळे तू आपल्या फोनवर तिकीट काढून त्याचे चित्र शेजारच्या काव्याबाईंच्या फोनवर पाठवलेस. मी नवी पेठेत जाऊन ते जाड कागदावर रंगीत छापून घेतले आणि खराब होऊ नये म्हणून त्याला प्लॅस्टिकचे आवरणही चढवून घेतले. (दुकानदाराने कोपरे वाकडे कापले. मी ते पुन्हा कापायला लावले.) माहेरून आलेली वस्तू जपून ठेवावी, एवढाच माझा हेतू. तिथेच तुझ्या गुडघ्यासाठी पट्टाही घेतला. माप अंदाजाने सांगितले.

होटगी सुटल्यावर तिकीट तपासनीस आले. तरुण, नम्र, पण बुशशर्टाचे वरचे बटण उघडे. मी ते आवरणातले तिकीट पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले, उजेडात धरले आणि असे तिकीट नोकरीत प्रथमच पाहत असल्याचे सांगितले. मला ती प्रशंसा वाटली. मग त्यांनी नियम सांगितला: फोनवरचे तिकीट ज्या फोनवर काढले त्याच फोनमध्ये चालते, त्याचे चित्र म्हणजे तिकीट नव्हे. मी त्यांना चित्र आणि वस्तू यांतील तात्त्विक भेद विस्ताराने समजावून दिला. शेवटी लक्षात आले की तो भेद त्यांच्याच बाजूने जातो आहे. समोर बोरांची पाटी घेऊन गुलबर्ग्याला निघालेल्या माजिदाबी बसल्या होत्या. त्या इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "फोटोनं कोण माहेरी जातंय व्हय, मॅडम? भाऊ आणा की संगं." सगळा बाक हसला. हसण्यात वाईट काही नव्हते. त्यांनी मला मूठभर बोरेही दिली. ती मी खाऊ शकले नाही.

दंड मी भरला. रकमेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पावतीबद्दल. त्या पावतीमुळे पुढचा प्रवास माझ्या पैशाने, माझ्या नावावर होत होता. म्हणजे मला कुणी नेत नव्हते. मी आपली आपण निघाले होते. न्यायला कुणी नसताना लेकीने माहेरच्या दारात उभे राहू नये, असे अव्वा म्हणायची. म्हणून मी अक्कलकोट रोडला उतरले आणि परतीच्या गाडीने घरी आले. त्या दिवशी तू फोन करत राहिलास आणि मी 'कामात आहे' म्हणत राहिले, त्याचा खुलासा हा. आंबील, भज्जी, उंडे सगळे शेतात पूजेच्या कडब्याच्या कोपीपाशी मांडून तुम्ही वाट पाहिलीत, हे रेश्माकडून कळले. अव्वाच्या जागी कोण बसले, ते तिला विचारायचे राहिले.

घरी येताच मी दंडाविरुद्ध अपील लिहायला घेतले. मुद्दा एकच: तिकीट खरे होते, माझ्या भावाने माझ्यासाठी काढले होते, म्हणून मी त्याच्या तिकिटावर प्रवास करत होते असे रेल्वेने मान्य करावे. पैसे परत नकोत, असे मी अधोरेखित केले. रेल्वे कार्यालयातल्या बाईंनी अपील वाचून चष्मा काढला. पैसे नकोत असे लिहिलेले अपील त्यांच्याकडे कधी आले नव्हते. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, "तिकीट काढणारे सोबत का नव्हते, मॅडम? ते असते तर प्रश्नच नव्हता."

सिद्धप्पा, मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या. इतका नेमका प्रश्न मला कधी काढता आला नाही. बाईंनी समासात शेरा मारला: 'तिकीट काढणारी व्यक्ती का आली नाही, याचा त्या व्यक्तीचा लेखी खुलासा जोडावा.' तो खुलासा मिळावा म्हणून हे पत्र.

तुझी,
अक्का
(डॉ. शरणम्मा बिराजदार)

ता. क. अपील मागच्याच आठवड्यात फेटाळले गेले. चित्र म्हणजे तिकीट नव्हे, असे त्यांनी दोन ओळींत कळवले आहे. त्यांचा मसुदा निर्दोष आहे. त्यामुळे तुझा खुलासा आता रेल्वेला नको आहे.

ता. क. पट्टा टपालाने पाठवणार नाही. अंदाजाने घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही; बांधून पाहायला गुडघा इथे यावा लागेल. फारच दुखत असेल तर तसे खरे लिही, मी रागावणार नाही. रिक्षा स्टेशनच्या दारातच मिळते, आणि माझ्याकडे जिना नाही.

ता. क. नागपंचमी येते आहे. तू न्यायला येणार आहेस की अव्वाबरोबर तोही रिवाज संपला, हे मला लेखी कळवावे. फोनवर सांगू नये. उत्तराचे चित्र काव्याबाईंकडे पाठवल्यास ते ग्राह्य धरले जाणार नाही. मूळ प्रत हवी, आणि ती लिहिणाऱ्याने स्वतः सोबत आणावी.