लाल सोन्याचा खुलासा

तीर्थरूप मामांस,

तुमच्या नालायक भाच्याचा (विशेषण तुमचंच, मी नुसतं उतरवून घेतलं) साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामींनी दिलेलं तेल लावता, की बाटली उशाशी ठेवून आपोआप बरं वाटायची वाट बघता? फोनवर तुम्ही "हं"च्या पुढे जात नाही आणि मला जे सांगायचंय ते एका "हं"मध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

तुमचं दुकान सोडल्यापासूनचा माझा हा सहावा उद्योग. विज्ञान केंद्रात लोकांना समजावून सांगायचं. सध्या आमच्याकडे नॅनोचं प्रदर्शन लागलंय. नॅनो म्हणजे बारीक, आणि बारीक म्हणजे केसाच्या जाडीचे लाखभर भाग केले तर त्यातला एक. आपलं नख एका सेकंदात साधारण तेवढं वाढतं. म्हणजे मागच्या भेटीत तुम्ही पाच मिनिटं माझ्याकडे न बोलता बघत होतात, तेवढ्यात तुमचं नख तीनशे नॅनोमीटर वाढलं. माझंही वाढलं, पण ते मी कुरतडत होतो. दर रविवारी घरंच्या घरं पोराबाळांसकट येतात आणि मी त्यांना हे असलं ऐकवतो. नेमणूक अजून कच्ची आहे. पक्की करायची की नारळ द्यायचा, ते महिनाअखेर संचालकबाई ठरवणार. त्या मागच्या रांगेत वही घेऊन बसतात.

गेल्या रविवारी सुरुवात झकास झाली. वीतभर कागदाची पट्टी निम्मी कापायची, उरलेली पुन्हा निम्मी, असं करत जायचं. नॅनोपर्यंत पोचायला सत्तावीस-अठ्ठावीस वेळा कापावं लागतं आणि माणूस नवव्या-दहाव्या वेळेलाच हात टेकतो. हे आधी सांगूनही एका घरातले सासरे आणि जावई इरेला पेटले. जावई दहावर थांबला. सासरेबुवांनी अकरावा काप दातांनी केला आणि पट्टी गिळली. (तो काप धरायचा की नाही, यावर त्या घरात अजून एकमत नाही असं ऐकतो.)

मग मी हुकमाची बाटली काढली. आत माणकासारखं लालभडक पाणी. सांगितलं, हे सोनं आहे. सोन्याचे कण इतके बारीक केले की ते पिवळेपणा सोडतात आणि पाण्यात लाल दिसतात. टाळ्या पडल्या, मी फुगलो, आणि तिथेच माशी शिंकली.

पहिल्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका नातीला घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, बाही मागे सारली आणि हातातल्या बांगड्या सगळ्यांना दाखवल्या. चांगल्याच लालसर. म्हणाल्या, "नऊ वर्षं मी त्या सोनाराला तांबं मिसळलं म्हणून शिव्या घालतेय. त्याच्या दुकानाची पायरी सोडली, चार जणींना सोडायला लावली. म्हणजे तो बिचारा खरा होता? सोनं जास्त बारीक झालं, एवढंच?"

मामा, बांगड्या मी लांबूनच ओळखल्या. जोडाजवळ आपल्या दुकानाची खूण, ती कोरलेली वेल होती.

खरं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी देता येतं. बाटलीतले कण सुटे असतात, पाण्यात तरंगतात म्हणून ती गंमत. अख्ख्या बांगडीत असलं काही होत नाही. बांगडी लाल दिसते तेव्हा तिच्यात तांबं जास्त असतं, विषय संपला. पण हे बोललो तर ऐंशी माणसांपुढे सख्ख्या मामाला लबाड ठरवलं, आणि न बोललो तर मागे ती वही. मी घसा खाकरून म्हणालो की शक्यता नाकारता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊन त्यांची माफी मागते, म्हणाल्या. तेवढ्यात आणखी दोघींनी आपापल्या अंगठ्या वर केल्या. त्यातली एक तर चक्क पितळेची होती.

नंतर संचालकबाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या ओरडत नाहीत, हीच त्यांची वाईट खोड. "शक्यता नाकारता येते," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच तर आपल्याला इथे ठेवलंय." येत्या रविवारी त्यांनी तीच मंडळी पुन्हा बोलावली आहेत. मी सगळ्यांसमोर चूक दुरुस्त करायची, नाहीतर सोमवारपासून यायचं नाही.

बाकी सर्व क्षेम. मुख्याध्यापिकाबाई त्याआधी तुमच्याकडे माफी मागायला आल्या तर चहा द्या आणि नॅनोवर फार बोलू नका. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (प्रयत्न चालू आहे)
भाचा

ता. क. रविवारी सकाळी दहाला तुम्ही यावं, आणि येताना कसोटीचा दगड आणावा. ती बांगडी सगळ्यांसमोर घासा. तांबं निघेल. निघू द्या.

आणखी एक ता. क. सोनं वितळवून त्या बांगड्यांचा रस मी केला होता. तुम्ही जेवायला गेला होतात. मी बावीस वर्षांचा घोडा, एका हातात अणूंवरचं पुस्तक. ठरलेलं तांबं एकदा घातलं, पान उलटलं आणि पुन्हा घातलं. सोनं गार झाल्यावर रंग तुम्हाला खटकला. मी म्हणालो, बल्ब पिवळा आहे, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तक्रार आली तेव्हा तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. माझीच नजर अधू झाली म्हणालात, नवीन करून देतो म्हणालात, बाईंनी ऐकलं नाही, आणि त्या दिवसापासून तुम्ही तराजूला हात लावला नाहीत. मी तेव्हा गप्प बसलो आणि पुढे दुकानच सोडलं. तुम्हाला वाटलं मला धंद्याचा कंटाळा आला. मला तुमच्यासमोर बसायची लाज वाटत होती. रविवारी हे सगळं मी माइकवर सांगणार आहे, पण तुम्हाला आधी कळायला हवं. मामा, तुमची नजर शाबूत होती.

शेवटचं ता. क. मारायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर. संचालकबाई वहीत लिहितात.