विचारायचं कुणाला

३ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीचा आहे, विनंती नेहमीची नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुझा नवा गुडघा वाकायला लागला का? व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तू त्यांचंच काम शिकवतेस, असं तुझ्या लेकाने, दादाने कळवलं. आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखं एवढंच आहे.

काल आपल्या दवाखान्यात एका बाईंचा श्वास अडकला. आधीच सांगते, त्या बऱ्या आहेत, संध्याकाळी चालत घरी गेल्या. आता क्रमाने सांगते.

कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवतात त्या बाई. खालची अक्कलदाढ सडलेली, हिरडीत पू. खुर्ची बघूनच त्यांचे हात गार पडले. मी सगळं तुझ्या पद्धतीने केलं. आधी गोळी दिली. ही कसली, असं त्यांनी विचारलं. घाबरायला होऊ नये म्हणून, असं मी म्हणाले, अगदी तुझ्या सुरात. मग त्यांना आत टेकवलं आणि बाहेर येऊन त्यांच्या थोरल्या भावाला विचारलं, की नुसती जागा बधिर करू, नाकावर मास्क लावून गॅस देऊ, की शिरेतून औषध देऊन गुंगीत ठेवू. ते घड्याळ बघत होते. झोपवूनच टाका, तिला काही कळायला नको, असं म्हणाले. आजारांचा फॉर्मही त्यांनीच भरला. सगळीकडे ‘नाही’. भूल देणारे डॉक्टर येईपर्यंत बाई गोळीने पेंगुळल्या होत्या, विचारेल त्याला नुसतं हं म्हणत होत्या. डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि सुई लावली.

मी अजून हिरडीला हातही लावला नव्हता. बोटावरच्या यंत्राचा आकडा सत्त्याण्णववरून उतरायला लागला. नव्वद. चौऱ्याऐंशी. छाती हलत होती आणि हवा आत जात नव्हती. डॉक्टरांनी जबडा पुढे ओढला, ऑक्सिजन लावला, उतारा दिला. आकडा परत वर चढला. मी तोवर हातात आरसा धरून उभी होते, कशासाठी ते मला माहीत नाही.

जाग आल्यावर बाईंनी दाढ गेली का, हे विचारलंच नाही. मला झोपवायचं कुणी ठरवलं, असं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मला झोपेत श्वास अडकतो, किती वर्षं झाली, मी तीन उशा लावून बसल्यासारखी झोपते. मुलीला माहीत आहे. भाऊ वेगळ्या घरात राहतो, त्याला कुठून माहीत असणार? मला विचारायचंत. मी तिथेच होते.

घाबरलेल्याला विचारायचं नाही, सोबतच्याला विचारायचं, हा तुझा नियम. मला चिमटे पुसायला बसवून माझं नाव चिमटी ठेवलंस, तेव्हापासून ऐकते आहे. कॉलेजात वेगळं शिकवलं, परीक्षेत मी वेगळं लिहिलं, आणि तुझ्या दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर तू सांगितलेलं केलं. त्याबद्दल मला माझा राग आला आहे, तो माझा मी बघून घेईन. तुझा आला आहे तो तुला कळवते.

घडलं ते जसंच्या तसं नोंदवहीत लिहिलं आहे, नियमासकट. दाढ अजून जागेवर आहे. पू ओसरायला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात, पण त्या गोळ्यांनी दाढ निघत नाही. बाई परत पाय ठेवणार नाहीत, असं नोंदणीच्या ताई म्हणतात. नाही आल्या तर सूज कुठवर उतरते, हे मी तुला सांगायला नको. त्यांना तू पत्र लिही. नियम तुझा होता.

लोभ आहे तसा असू दे, पण या पत्राचं उत्तर लोभाने देऊ नकोस.

चिमटी


८ मार्च

चि. चिमटीस,

अ. उ. आ. पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, बाकी काही सुधारलेलं दिसत नाही.

फॉर्म वाचून सुई लावणारे डॉक्टर तुझ्यासमोर उभे होते. पेंगुळलेल्या माणसाला चार प्रश्न जोरात विचारायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती, आणि तुलाही नव्हती. गोळी दिली की आजारांचंही बाहेरच्यालाच विचारायचं, असं मी कधी शिकवलं? फॉर्म दोनदा वाचायचा, हे शिकवलं होतं. ते विसरलीस आणि नोंदवहीत माझा नियम लिहून मोकळी झालीस. मी इथे पाय उशीवर ठेवून पडले आहे आणि तू तिथे माझ्या तीस वर्षांच्या कामाचा पंचनामा करते आहेस.

तू घाबरलेली माणसं पाहिलीस किती? मी दातखीळ बसल्यासारखा जबडा मिटून घेणारा पोलीस पाहिला आहे. खिडकीतून उतरून पळालेले मुख्याध्यापक पाहिले आहेत, तेही एका पायात चप्पल घालून. विचारलं की सगळे एकच सांगतात, नको. ते उत्तर माणसाचं नसतं, भीतीचं असतं. भीतीच्या सल्ल्याने दवाखाना चालवायचा असेल तर खुर्च्या विकून टाक.

मी त्या बाईंना पत्रबित्र लिहिणार नाही. मी येईपर्यंत शिरेतून गुंगी बंद ठेव. नियमाला हात लावू नकोस. त्या पानाचं मी आल्यावर बघीन.

दादा म्हणतो मी हल्ली चिडचिडी झाले आहे. त्याला पूर्वीची मी आठवत नसावी.

लोभ आहेच. वाढवायची आत्ता गरज वाटत नाही.

आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. फॉर्म दोनदा वाचायचा मी विसरले नव्हते. दोनदा वाचला. ज्याला माहीत नाही त्याने भरलेला फॉर्म दहादा वाचला तरी त्यात तेच असतं.

आणि मुख्याध्यापक खिडकीतून पळाले ते तू न विचारता त्यांच्या नाकावर मास्क लावायला गेलीस तेव्हा. ही गोष्ट मला तूच सांगितली आहेस, लग्नाकार्यात चारचौघांना हसवायला सांगतेस.

काल मी बाईंच्या दुकानात गेले. गाल परत सुजायला लागला आहे. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं नाही, मी यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलत राहिले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते आहे, तेवढं बास, असं म्हणाल्या. गुळण्यांनी पू जाणार नाही, दाढ काढायलाच हवी, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी कापडाची कड दुमडली आणि मान वर न करता सांगितलं, की मग माझ्या भावाला बोलवा. ज्याला विचारलंत त्याचीच काढा.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांना मी दुसऱ्या दंतवैद्यांचा पत्ता देऊन आले. तो कागद त्यांनी सुया टोचायच्या गादीखाली सरकवला. तिथे जातील असं वाटत नाही. त्यांना आता कुठलीच खुर्ची नको आहे, आणि ते आपण केलं आहे.

उत्तर भीतीचं असतं म्हणतेस. असेल. पण त्या बाईंच्या भीतीला तीन उशांची गोष्ट माहीत होती, आणि मला, तुला, भावाला, डॉक्टरांना माहीत नव्हती.

नोंदवहीतलं पान तिथेच राहील. तू फाडलंस तर मी पुन्हा लिहीन, आणि मग दुसरीकडे काम शोधीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तू ही धमकीच समजशील, हे माहीत आहे.

तब्येतीला जप. हे मात्र खरं.

चिमटी


१८ मार्च

चि. चिमटीस,

आशीर्वाद. पान फाडायला मी कोण वाटले तुला? खोटं लिहायला मी तुला कधी शिकवलं नाही, आणि खरं पुसायलाही नाही.

आता एक ऐक. तुझी आजी तापाने गेली असं तुझ्या बाबांनी तुला सांगितलं. ताप होता, पण ती दाढेने गेली. मी नुकतीच शिकून आले होते, स्वतःच्या आईची दाढ मीच काढणार म्हणून गल्लीभर सांगत होते. ती घाबरट. इंजेक्शन दिसलं की पदर तोंडावर घ्यायची. मी तिच्याजवळ बसून विचारलं, जसं तू म्हणतेस तसंच. बधिर करून काढू, की मोठ्या दवाखान्यात गुंगी देऊन काढू, की कसं. तिने सांगितलं, नको ग, थांबलंय आता दुखायचं. मी तिचं ऐकलं. आठव्या दिवशी सूज गळ्यात उतरली. तुझे बाबा तिला उचलून घेऊन पळाले, आणि मी मागून.

तुझे बाबा ठाम होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं. म्हणून मी घाबरलेल्याला विचारत नाही. तीस वर्षांत माझ्याकडून एकही माणूस दाढ तोंडात ठेवून परत गेला नाही, पळालेल्या मुख्याध्यापकांनाही मी दुसऱ्या दिवशी आणून बसवलं. तुझी बाई पहिली.

आता मला विचारण्याबद्दल शिकव.

आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पत्र तीनदा वाचलं. बाबांशी बोलले. ते खरं आहे म्हणाले.

मला वाईट वाटलं आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. एवढं मनात धरून तू मला नुसता नियम दिलास, त्यामागचं कारण दिलं नाहीस. मीही तुझ्यासाठी बाहेर बसलेली सोबतीणच की. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिणारी.

एकच विचारते, आणि टोचायला विचारत नाही. आजी नको म्हणाली तेव्हा, दाढ तशीच ठेवली तर पुढे काय होतं, हे तू तिला सांगितलं होतंस का?

बाईंचा गाल काल जास्त लाल दिसला. त्या अजून गुळण्याच करताहेत.

चिमटी


२५ मार्च

चिमटे,

उत्तर सोबतच्या पत्रात आहे. ते तुला नाही. पाकीट उघडंच ठेवलं आहे, कारण तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. पोस्टात टाकू नकोस, आजच नेऊन दे.

आत्या

(सोबतचं पत्र)

कपडे शिवणाऱ्या बाईंना,

स. न. माझी तुमची ओळख नाही, पण तुम्हाला गुंगीत टाकणारा नियम माझा आहे. हात माझ्या भाचीचा होता. तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं. हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले, हा पाचवा.

दाढ नुसती बधिर करून काढता येते. दुखत नाही, पण ओढल्यासारखं वाटतं आणि सगळं कळतं. तुम्ही हात वर केलात की आम्ही थांबायचं. नाकावर मास्क लावून गॅसही देता येतो. त्यात माणूस जागा असतो, अंग हलकं होतं आणि मास्क काढला की थोड्या वेळात गॅसचा अंमल उतरतो. तुमच्या श्वासाला तो चालेल का, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. गोळी किंवा शिरेतलं औषध तुम्हाला आमच्याकडे कुणी देणार नाही. तसंच हवं असेल तर मोठ्या हॉस्पिटलात, श्वासाची तपासणी झाल्यावर.

काहीच करायचं नाही, असंही तुम्ही ठरवू शकता. मग पू गालातून गळ्यात उतरतो, गिळता येत नाही आणि पुढे श्वास घेता येत नाही. याला कधी महिना लागतो, कधी आठ दिवस.

हे वाचून तुम्ही जास्त घाबराल. माझ्या आईला मी बाकी सगळं विचारलं होतं, एवढंच सांगितलं नव्हतं. ती घाबरेल म्हणून. ती नको म्हणाली आणि आठव्या दिवशी गेली. माझी चूक विचारण्यात झाली, असं मी आजवर धरून चालले.

तुम्ही ठरवा. भावाला विचारायचं असलं तर तुम्ही विचारा, आम्ही विचारणार नाही.

कळावे. लोभ मागण्याचा मला हक्क नाही.


३० मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाई काल आल्या. मुलगी सोबत होती, ती बाहेर बसली. फॉर्म बाईंनी स्वतः भरला, चष्मा लावून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. तीन उशांची गोष्ट त्यांनी ठळक अक्षरात लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. मग नुसतं बधिर करा, असं सांगितलं.

दाढ निघायला सव्वा तास लागला. त्यांनी अकरा वेळा हात वर केला. त्यातल्या दोन वेळा खरंच काही होत होतं, बाकीच्या वेळी मी थांबते की नाही ते बघायला. मी अकराही वेळा थांबले. दर वेळी हातातलं हत्यार खाली ठेवलं. दाढ दोन तुकड्यांत आली, मुळाशी पू होताच.

तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना बोलता येईना. नोंदणीच्या टेबलावरून कागद घेऊन त्यांनी लिहिलं, मी अजून रागावलेली आहे. मी त्याखाली लिहिलं, बरोबर आहे.

तुझं पत्र फायलीत लावायला मी परत मागितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, ते घडी करून पिशवीत ठेवलं आणि मुलीला काहीतरी खुणावलं. मुलगी म्हणाली, आई म्हणते, हे दवाखान्याचं नाही, मला आलेलं आहे.

तू आलीस की आपण समोरासमोर बसून भांडू. माझं निम्मं भांडण अजून शिल्लक आहे. तोवर लोभ आहे तेवढाच ठेव, कमी करू नकोस.

तुझी
चिमटी