नाथाच्या कोटाच्या दोन डाव्या बाजू

दूधबाजार, नाशिक
ता. ११ एप्रिल १९३६

दोस्त केरूभाऊ यांस,

बद्रुद्दीन दर्ज्याचा सलाम. (तुझा रामराम पोचला असं धरून चालतो.) नवसावहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे खुशाल, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण तुझ्या नाथाच्या लग्नाचा कोट.

तू काशीहून आणलेलं जरीचं किनखाप विश्वासानं माझ्या हवाली केलंस. मी बेतायला बसलो आणि नेमके गोटीराम मास्तर टपकले (शाळेत भूमिती शिकवतात आणि फाटक्या कोपराचा कोट घेऊन दर महिन्याला माझं डोकं खातात). म्हणाले, कापड दुहेरी कशाला घालतोस? एकेरी पसर. आकृती सरकव, फिरव, नाहीतर पालथी घाल, ती तीच राहते. एकीवर दुसरी तंतोतंत बसली की दोघी एकरूप. जागा मिळेल तिथं बसव, कापड वाचेल. आणि मला ते पटलं! पंचवीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाला पटलं, आता बोल! पुढच्या बाजूचा कागद ठेवून कापड कापलं, मग कागद सरकवला, जरा फिरवला, पुन्हा कापलं. पालथा घालायचा तेवढा राहिला. दोन्ही बाजू डाव्या निघाल्या.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला आणि टाळीच वाजवली, "वा! तंतोतंत एकरूप!" अहो, पण नाथाला उजवी छाती पण आहे, तिचं काय करू? तर म्हणे, एक पालथी घाल. पालथी घातली की जरीचे लोंबते धागे वर येतात, त्याचं काय? (त्यांच्या भूमितीत कापडाला उलटसुलट नसतं.) आमची बेगम जुलेखा तर फाडकन म्हणाली, "दुहेरी घडीत एक बाजू आपोआप पालथी पडते, हे आंधळ्या दर्ज्यालाही कळतं. तुम्हालाच कसलं शहाणपण सुचलं?" लग्न आठ दिवसांवर आलंय आणि काशी काही पंचवटीच्या पलीकडे नाही, की उठून नवं कापड आणावं. मला रडू यायचं बाकी आहे बघ.

तोंड लपवून बसलेला,
बद्रुद्दीन

ता. क. : एक बाजू पालथीच लावली आहे. नाथाला शेला उजव्या खांद्यावरून खाली सोडायला सांग. वरातीतसुद्धा काढायचा नाही. कितीही उकडलं तरी!

आणखी ता. क. : लग्नाला मी किनखापाची नवी टोपी घालून येईन. मला नाथाजवळ बसवू नकोस. उरलेल्या कापडात उजवी बाजू सहज निघत होती, हे टोपी शिवून झाल्यावर लक्षात आलं.